दोन्ही चाकांना सारखा जोर

गाड्यांचं शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नाही, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सर सायकलवर यायचे. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, खिशाला दोन पेनं. एकोणीस वर्षांत त्या शर्टावर शाईचा डाग पडला असेल, ग्रीसचा कधी पडला नाही.

पोरं त्यांना वहीसर म्हणत. सर स्वतः शिकत होते तेव्हा त्यांच्या सरांनी जे सांगितलं ते त्यांनी एका जाड वहीत उतरवून घेतलं होतं. तीच वही घेऊन ते वर्गात येत, चष्मा लावत आणि 'लिहा' म्हणत. मग स्वल्पविरामासकट सगळं सांगत जात. पोरं लिहून घेत, परीक्षेत जसंच्या तसं उतरवत आणि पास होत. निकाल चांगला लागत होता, मग तक्रार कोण करणार? सरांच्या शिक्षणाच्या काळात कॉलेजच्या वर्कशॉपला कायम कुलूप असायचं. पदवी झाली आणि वर्षाच्या आत शिकवायची नोकरी लागली. गिअरबॉक्स त्यांनी फळ्यावर हजारदा काढला, उघडला मात्र एकदाही नाही.

माणूस मनाने वाईट नव्हता. एखाद्याचं वर्ष वाया जातंय असं दिसलं तर घरी बोलावून शिकवायचे. पण एक खोड होती. जेवणानंतरच्या तासाला वर्ग पेंगायला लागला की ते कुणाची तरी फिरकी घेत. एखाद्याला असं काही नाव ठेवत की वर्ग खदखदून हसे, झोप उडे आणि पुढचं पान सुरू होई. आपण गमत्या स्वभावाचे आहोत, पोरांना आपला तास आवडतो, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं.

मग वरून फर्मान आलं. ज्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही त्यांनी चार वर्षांत ती घ्यावी, नाहीतर शिकवणं सोडून भांडारात बसावं. सरांनी दोन वर्षांची रजा टाकली आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजात ऑटोमोटिव्ह इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. त्यांची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती. ती म्हणाली, तुम्ही इतकी वर्षं हेच तर शिकवताय, तुम्हाला काय अवघड आहे. सरांनाही तसंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सगळी पोरं उभी राहिली. सर मान हलवून मागच्या बाकाकडे गेले आणि तिथे बसले. मग पोरं एकमेकांकडे बघत एकेक करून खाली बसली. बावीस-तेवीस वर्षांची मुलं ती. बोटं कीबोर्डवर अशी चालत की सरांना पडद्यावर काय झालं ते कळेपर्यंत त्यांचं गणित सुटलेलं असे. तरी तिथपर्यंत ठीक होतं. कॉम्प्युटर येत नाही हे कबूल करायला त्या वयात लाज वाटत नाही, उलट लोक कौतुकाने शिकवतात.

खरी फजिती वर्कशॉपमध्ये झाली. तिथला फोरमन निवृत्तीला आलेला, काटकुळा, मोजकं बोलणारा माणूस होता. त्याने चौघाचौघांचे गट केले आणि प्रत्येक गटापुढे एक गिअरबॉक्स ठेवला. गटातल्या मुलांनी मोठेपणाचा मान म्हणून पहिला पाना सरांच्या हातात दिला. बोल्ट खालच्या बाजूने होता. खालून हात घातला की दिशा उलटी वाटते, हे सरांना माहीत नव्हतं. ते जोर लावत गेले आणि बोल्ट घट्ट होत गेला. पानाही एक नंबर मोठा होता. शेवटी तो निसटला आणि बोल्टाच्या डोक्याची सहाही टोकं गुळगुळीत झाली. फोरमन आला, त्याने वाकून बघितलं, छिन्नी लावून बोल्ट काढला आणि सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो घाईघाईने खिशात टाकला, तेलाचा गोल डाग उमटला, आणि घरी त्यांनी सायकलच्या साखळीवर त्याचं खापर फोडलं.

त्यानंतर गटात काम वाटून घ्यायची वेळ आली की सर आधीच म्हणत, "नोंदी मी घेतो, माझं अक्षर बरं आहे." मुलं हो म्हणत. त्यांना कळत होतं. त्यांना कळतंय हे सरांनाही कळत होतं.

दुसऱ्या महिन्यात डिफरन्शियलचा तास आला. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारा मागच्या अ‍ॅक्सलमधला चक्रांचा डबा म्हणजे डिफरन्शियल. हा सरांचा हातखंडा विषय. वहीची सोळा पानं तोंडपाठ. फोरमनने एक आख्खा अ‍ॅक्सल घोडीवर चढवला होता. दोन्ही चाकांना वेगवेगळे ब्रेक, आणि चाकावर किती जोर येतो ते कळावं म्हणून प्रत्येक ब्रेकच्या दांडीला एकेक ताणकाटा. त्याने विचारलं, डावं चाक पक्कं धरून ठेवलं आणि उजवं जवळजवळ मोकळं सोडलं, तर जोर कुणाला जास्त मिळेल?

महिनाभर दाबून ठेवलेला शिक्षक सरांच्या आत उसळला. ते उभे राहिले आणि सांगितलं की डिफरन्शियल गरजेप्रमाणे जोर वाटतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त, तसाच इथे धरलेल्या चाकाला जास्त. दोन उदाहरणं दिली, हवेत आकृतीही काढली. फोरमनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "या, तुम्हीच धरा."

सरांनी डावीकडचा ब्रेक आवळला. एका मुलाने मोटर चालू केली. डावं चाक जागच्या जागी थांबलं, उजवं भिरभिरायला लागलं. फोरमनने दोन्ही काटे वाचायला सांगितले. उजवीकडे चार. डावीकडेही चार. सरांनी ब्रेक आणखी आवळला, पार दात-ओठ खाऊन आवळला. चारच. मग फोरमनने उजवीकडचा ब्रेक जरासा लावला, तर डावीकडचा काटाही आपोआप वर सरकला. दोन्हीकडे नऊ. वेग वेगळा होऊ शकतो. जोर मात्र दोघांनाही सारखाच, आणि तोही अशक्त बाजूला पेलेल तेवढाच.

गटातली एक मुलगी, सरांना वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "म्हणून तर सर, एक चाक चिखलात गेलं की दुसरं कोरड्यावर असूनही गाडी हलत नाही."

चिखल म्हटल्याबरोबर सरांच्या हातातून दांडी सुटली. पुढचा तास काय झाला ते त्यांनी पाहिलं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे बारा वर्षांपूर्वीचा आपला वर्ग होता.

जेवणानंतरचा तास होता. ते सांगत होते, 'वळणावर बाहेरील चाकास अधिक जोर मिळतो, पूर्णविराम.' खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली होती. बाप ट्रकवर ड्रायव्हर, माल घेऊन गावोगाव जाणारा. सुट्टीत ती त्याच्याबरोबर फिरायची. तिने विचारलं होतं की आमची गाडी चिखलात फसते तेव्हा चिखलातलं चाक गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं ढिम्म उभं राहतं. मग गरज असलेल्या त्या चाकाला जोर का मिळत नाही? सरांना उत्तर आलं नव्हतं. वहीत नव्हतंच ते. आणि उत्तर येत नाही हे चाळीस पोरांना दिसू नये म्हणून ते म्हणाले होते, "चिखलातलं ज्ञान चिखलात ठेवावं. वर्गात पाय पुसून यावं." वर्ग हसला होता. परीक्षेत तिने त्या प्रश्नाला 'दोन्ही चाकांना सारखा जोर' असं लिहिलं आणि सरांनी लाल शाईने त्यावर फुली मारली. ती फुली त्यांना आठवत होती, कारण रागाच्या भरात कागद फाटला होता.

आठ दिवस सर घरात नीट बोलले नाहीत. समोर ताट असायचं आणि हात थांबलेला असायचा. शेवटी बायकोने सरळच विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. एकोणीस वर्षं, दर वर्षी चाळीस पोरं, म्हणजे साडेसातशेच्या वर लोकांना आपण खोटं शिकवलं, असा हिशेब सर करत बसले होते. ती म्हणाली, "साडेसातशेंचं सोडा. जिच्या उत्तरावर फुली मारलीत तिचं तर माहीत आहे ना? तिला जाऊन सांगा."

जुन्या कॉलेजात जाऊन सरांनी हजेरीची रजिस्टरं काढली. तेव्हा त्यांना कळलं की मुलीचं नाव आपल्याला आठवतच नाही. वर्गात तिला चिखली म्हणत, एवढंच आठवत होतं. पोरांनी ठेवलं असेल. पोरं काय, कुणालाही काहीही म्हणतात. शेवटी 'चिखली' म्हटल्यावर म्हाताऱ्या शिपायाने ओळखलं आणि सांगितलं की ती अग्निशमन दलाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपची प्रमुख आहे. चांगलं नाव काढलंय पोरीनं, असंही म्हणाला.

सर दोनदा त्या फाटकापर्यंत गेले आणि परतले. एकदा साहेबीण कामात असेल म्हणून, एकदा काहीच कारण नसताना. तिसऱ्या वेळी पहारेकऱ्यानेच विचारलं, काका, रोज येता, कोण हवंय? तेव्हा मात्र आत जावंच लागलं.

ती एका लाल गाडीखाली आडवी झाली होती. आवाज ऐकून फळीवरून सरकत बाहेर आली, आणि तिने सरांना पहिल्या नजरेत ओळखलं. चटकन उभी राहिली, हात पुसले, एका मुलाला सांगून खुर्ची मागवली, चहा मागवला. केबिनमध्ये एक टेबल, भिंतीवर गाड्यांच्या तारखांचा तक्ता, खिडकीत धुतलेले हातमोजे वाळत टाकलेले. सर खुर्चीच्या कडेवर बसले आणि वाटेत घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. मी चुकीचं शिकवत होतो. तू बरोबर होतीस. तुझे गुण मी कापले. मला माफ कर.

तिने भुवया उंचावल्या. "डिफरन्शियलचं म्हणताय होय? अहो सर, ते बाबांनी मला त्याच संध्याकाळी दाखवलं. गाडी जॅकवर चढवली, मला एक चाक धरायला लावलं. गुण कापले होते का? मला आठवतही नाही."

सरांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांना हसूच आलं. म्हणजे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. चहाचा घोट घेऊन, मोकळ्या मनाने ते म्हणाले, "बरं वाटलं बघ. पोरं तुला उगीच चिखली म्हणायची, त्याचंही मला वाईट वाटायचं."

टेबलावरचा पाना उचलून तिने दुसरीकडे ठेवला. मग म्हणाली, "पोरं नाही, सर. ते नाव तुम्ही ठेवलंत."

सरांनी कप खाली ठेवला.

ती सांगत गेली, आवाज न चढवता, एखाद्या गाडीत काय बिघाड आहे ते सांगावं तसं. त्या दिवसानंतर सर हजेरी घेताना तिच्या नावाला थांबायचे आणि विचारायचे, चिखलीबाई आल्या का, पाय पुसले का? वर्ष संपेपर्यंत, जवळजवळ रोज. मग ते नाव सगळ्या कॉलेजात झालं. पालकसभेला तिचे बाबा आले, धुतलेला शर्ट, नवे बूट. दारातच एका पोराने हाक दिली, चिखलीचे बाबा आले. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली बुटांकडे, काही लागलंय का म्हणून. सर तिथेच टेबलाशी होते. तेही हसले होते.

"बाबा परत कधी कॉलेजात आले नाहीत," ती म्हणाली. "पदवी घ्यायलाही मी एकटीच गेले. त्यांनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना वाटतं मी विसरले."

सरांनी आणलेली माफी मघाशीच खर्च होऊन गेली होती, आणि तीही भलत्याच गोष्टीसाठी. पालकसभा त्यांनी आठवून पाहिली. टेबल आठवलं, पंखा आठवला, बूट काही आठवले नाहीत. आपल्याला जे क्षणभर डाचलं नाही ते या मुलीने बारा वर्षं बाळगलं, आणि आपण इथे येऊन तिच्यासमोर हसलो. ते कसेबसे म्हणाले की बाबांना भेटता येईल का.

"नको," ती म्हणाली. मग बाहेरून तिला हाक आली, आणि ती उठली. जाताना तिने सांगितलं, चहा पूर्ण घ्या. यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. सरांनी गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत घेतला. टाकून जायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्यानंतर सर फोरमनकडे गेले आणि म्हणाले, मला पान्यापासून शिकवा. फोरमनने त्यांना महिनाभर रॉकेलच्या तसराळ्यात सुटे भाग धुवायला बसवलं. मग हळूहळू हातात पाने दिले. दीड वर्षात सरांनी चार गिअरबॉक्स उघडून परत बसवले. त्यातला एक बसवल्यावर दोन वॉशर उरले, तो पुन्हा उघडला. प्रबंध बसच्या अ‍ॅक्सलमधल्या तेलावर लिहिला. तोंडी परीक्षेत तीनदा 'माहीत नाही' म्हणाले. दुसऱ्या वर्गात पास झाले. घरी सरांच्या स्वतःच्या मुलीने त्यांना मिठी मारली, बायकोने शेजारी सांगितलं, आणि सर आपल्याच अभिनंदनाला उसन्या कपड्यांत गेल्यासारखे वावरले.

कॉलेजात परतल्यावर डिफरन्शियलच्या तासाला त्यांनी वर्गाला सांगितलं की हे मी एकोणीस वर्षं चुकीचं शिकवलं, आणि एका मुलीने बरोबर सांगितलं तेव्हा तिला गप्प बसवलं. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. चूक कबूल करणारे सर म्हणून कॉलेजभर त्यांचं कौतुक झालं, प्राचार्यांनी सभेत उल्लेख केला. सायकलवरून घरी जाताना सरांच्या ध्यानात आलं की आपण नेमका तेवढाच भाग सांगितला जो सांगितल्यावर मान मिळतो. नावाचं सांगितलं नाही. बुटांचं सांगितलं नाही. ते सायकलवरून उतरले आणि उरलेला रस्ता पायी गेले.

पंधरा दिवसांनी त्यांनी तेही सांगितलं. वेळ चुकली, तास संपत आला होता, वाक्यं जमली नाहीत. चिखली हे नाव ऐकून दोन पोरं हसली. सरांनी त्यांना रागावलं नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. पोरं दप्तरं उचलून, सरांकडे न बघता बाहेर गेली.

त्या वर्षी त्यांनी तिला पत्र लिहिलं. मुलांना अग्निशमन दलाच्या गाडीचा अ‍ॅक्सल बघायला आणू का, शिकवाल का? उत्तर दोन ओळींचं आलं. मंगळवारी दहाला या, सगळ्यांच्या पायात बंद बूट हवेत.

तिने दोन तास शिकवलं. गाडी जॅकवर चढवली, मुलांना एकेक करून चाक धरायला लावलं. सर मागे एका उलट्या डब्यावर बसून ऐकत होते. एकदा तिने विचारलं, बरोबर आहे ना सर? आणि सरांनी मान हलवली. ती चिमटा काढत होती की नुसतं विचारत होती, हे त्यांना कळलं नाही.

निघताना फाटकाशी एक म्हातारा डबा घेऊन उभा होता. तिने पुढे होऊन डबा घेतला. सरांना न विचारताच कळलं तो कोण. पळून जायला जागा नव्हती, मागे चाळीस मुलं होती. म्हाताऱ्याने इतक्या गर्दीकडे बघून विचारलं, कोण गं हे? त्याला कमी ऐकू येत होतं, म्हणून ती ओरडून म्हणाली, "बाबा, हे आमच्या कॉलेजचे सर."

म्हाताऱ्याने सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यामुळे शिकली हो पोरगी," तो म्हणाला.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. बाबांना काही सांगायचं नाही, हे त्यांना आठवलं. पण हे ऐकून घेऊन गप्प राहणंही त्यांना जमेना. ते मोठ्याने म्हणाले, "मी नाही शिकवलं. तुम्ही शिकवलंत." म्हाताऱ्याने कानाशी हात नेला. सरांना पुन्हा ओरडावं लागलं, सगळ्या मुलांसमोर, घसा ताणून, "मी चुकीचं शिकवलं. तिला तुम्ही शिकवलंत."

या वेळी त्याला ऐकू गेलं. तो समाधानाने हसला आणि मुलीकडे वळून म्हणाला, "बघ. खरी शिकलेली माणसं अशी असतात. मोठेपणा स्वतःकडे घेत नाहीत."

मुलं बसमध्ये चढत होती. सर हात सोडवून घेऊन सर्वांत शेवटी चढले आणि पुढची सीट रिकामी असूनही मागे जाऊन बसले.